जुंपून घेतलेलं मशीन

आमच्या घरात माणसं तीन आणि तिघांचाही धंदा पाण्याचा. वडील चाळीस वर्षं चारीवर पाटकरी. म्हणजे मोठ्या कालव्याची जी फांदी आमच्या शिवारात येते, तिच्या अकरा दारांतून कुणाला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. आणि माझी बायको गेली दोन वर्षं वडिलांच्या मागोमाग चारीवर चालते, कारण वडिलांच्या गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी एकाच साली अंग काढून घेतलं. दारांची चाकं ती फिरवते, वहीत वेळ ती लिहिते, दारात अडकलेलं शेवाळ हात घालून ती काढते. पण लोकांच्या लेखी पाटकरी म्हणजे वडीलच. दार ती टाकणार, म्हणजे बंद करणार, आणि बांधावरचा माणूस तिच्या डोक्यावरून वडिलांना विचारणार, "आबा, किती वाजले म्हणायचे?" वडीलही सांगून मोकळे. ती आपली चाकाचा चिखल पुसत उभी.

यंदा धरण अर्धंच भरलं. पाण्याच्या सहा पाळ्यांच्या जागी तीनच मिळणार हे कळलं, आणि शिवारात माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागली. त्यात गेल्या हंगामातलं भांडण ताजं होतं. दोन नंबरच्या दाराचा फौजी आणि एक नंबरच्या दाराचा नर्सरीवाला, दोघे शेजारी. फौजी म्हणे माझं दार पाव तास आधी टाकलं. नर्सरीवाला म्हणे माझं पाव तास उशिरा उघडलं. मग माझा पाव तास गेला कुठे? बोलता बोलता फावड्याचा दांडा फिरला आणि नर्सरीवाल्याच्या कपाळाला चार टाके पडले. पाव तास काही सापडला नाही.

म्हणून पाणी संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले, "यंदापासून वही बंद. दार उघडलं, टाकलं की तिथल्या तिथं कॉम्प्युटरवर नोंद. वेळ आणि पट्टीवरची पाण्याची उंची. ज्याचं दार त्यानं डोळ्यांनी बघायची, मगच पुढच्या दारावर जायचं."

फोनवर होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या साली सचिवांनी तो प्रयोग केला होता. इवलीशी चौकट, जाड बोट, सातव्या दाराचं पाणी चौथ्याच्या नावावर. शिवाय बघायला दोघे एकदम वाकले की डोक्यावर डोकं. भांडण मिटायच्या आधी टेंगूळ.

अध्यक्षांचा भाचा पुढच्याच खुर्चीत बसला होता. मांडीवर स्वतःचा लॅपटॉप, एवढा मोठा की त्यावर चार माणसांनी जेवायला बसावं. "मामा, मी करतो की. माझं मशीन तयारच आहे."

बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "नोंदी दोन वर्षं मी करते. कॉम्प्युटरचा क्लास पण केलाय. मशीन तेवढं पाहिजे."

"अगं, तू पाटकऱ्याची सून," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "चाकं फिरवतेस ते ठीक आहे. ही जबाबदारीची कामं."

दोघंतिघं हसले. माझे कान गरम झाले, पण तोंड उघडलं नाही, हे इथे कबूल करतो. वडील भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "अध्यक्ष, बैल नवा असला तरी नांगराची पहिली तास धरायला देतातच ना? एक पाळी द्या."

अध्यक्षांनी विचार केला. "ठीक. मशीनसाठी संस्था ठरलेली रक्कम देईल, त्यात बसेल ते आणा. पाळीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी एक नंबरच्या दारावर मी उभा असेन. अकराच्या अकरा नोंदी तिथं दिसल्या पाहिजेत. एक राहिली किंवा मशीन वाटेत बसलं, तर काम भाच्याकडं. नंतर कुरकुर नको."

चाळीस वर्षं आमच्या घराकडे असलेली चारी एका दिवसावर आली. पाणी सुटायला आठ दिवस होते.

---

आता लॅपटॉपमधलं घरात सगळ्यात जास्त कुणाला कळतं, तर मला. असं माझं मत होतं. चार दिवस लोकांच्या मोटारी उघड्या टाकून मी फोनवर लॅपटॉपचे व्हिडिओ बघितले. बायको विचारायची, "काय कळलं?" मी सांगायचो, "तुला नाही कळायचं, आत किती प्रकार असतात." खरं तर मलाही एवढंच कळलं होतं की महाग असतं ते चांगलं असतं.

पाचव्या दिवशी बाजाराच्या गावी गेलो. मी, बायको आणि वडील. वडिलांना न्यायचं माझ्या मनात नव्हतं. मी म्हणालो, "आबा, तिथं सगळं इंग्रजीत असतं." अक्षरओळख नाही त्यांना, आकडे तेवढे येतात. ते म्हणाले, "बैलाच्या तरी कपाळावर कुठं मराठीत लिहिलेलं असतं?" आणि काठी घेऊन पुढे निघाले.

दुकान काचेचं, आत गार वारा. टायवाला विक्रेता पुढे आला आणि त्यानं माझ्याशी बोलायला सुरुवात केली. बायको त्याला दिसलीच नाही. मी सांगितलं की मशीन हिच्यासाठी आहे. तेव्हा तो गोड हसला. "मॅडमसाठी? मग हा बघा, गुलाबी. सिनेमे बघायला, फोटो ठेवायला एकदम छान."

"कामाला पाहिजे," बायको म्हणाली. "रोज नऊ किलोमीटर चालायचं असतं. उन्हात."

"उन्हात?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "सर, लॅपटॉप उन्हात कोण वापरतं?"

मी मध्ये पडलो. व्हिडिओतले चार शब्द फेकले आणि बोट दाखवलं एका काळ्याभोर मशीनवर. अंग चकचकीत, बटणांखालून निळे दिवे, रकमेत जेमतेम बसणारं. विक्रेता म्हणाला, "सरांना कळतं." मी फुगलो. बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्या नजरेचा अर्थ मला पाठ आहे.

वडील तोवर स्टुलावर बसून गुडघा चोळत होते. ते म्हणाले, "वजन किती?"

विक्रेत्यानं आकडा सांगितला.

"दावं-खुंटा धरून का नुसतं जनावर?"

त्याला कळेना. बायकोनं सांगितलं, "चार्जर धरून का?" तर चार्जर वेगळा होता, आणि तो आणल्यावर पाहिलं तर विटेएवढा. वडिलांनी दोन्ही पिशवीत घालायला लावलं आणि पिशवी माझ्या खांद्यावर नाही, बायकोच्या खांद्यावर दिली. "ज्याला ओढायचंय त्याच्या मानेवर बघायचं. जा, त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. तीनदा."

आणि ती गेली. काचेच्या दुकानातून, गिऱ्हाइकांमधून, फुटपाथवरून कोपऱ्यापर्यंत, तीनदा. मागे विक्रेता, पिशवी पळवतील म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती परत आली तेव्हा खांदा झटकत म्हणाली, "पाचव्या दारापर्यंत खांदा उतरेल माझा."

मग वडिलांनी ते मशीन उन्हात न्यायला लावलं. उघडलं, डोळे बारीक करून बघितलं. मोतीबिंदू झालेला माणूस, तो काय बघणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "यात मला माझंच थोबाड दिसतंय. आरसा घ्यायला नाही आलो आपण." मी वाकून पाहिलं. माझंही थोबाड दिसलं. मागे आभाळही दिसलं. अक्षर एक दिसत नव्हतं.

"एका हातानं उघडतं का बघ," ते तिला म्हणाले. "दुसरा हात चाकावर असतो तुझा."

एका हाताने झाकण वर केलं तर अख्खं मशीन उचललं जाऊन मागे कलंडत होतं. विक्रेत्यानं पकडलं म्हणून वाचलं. तोवर त्याच्या टायची गाठ सैल झाली होती. आत आल्यावर तो म्हणाला, "आजोबा, हा भाजीबाजार नाही. कंपनीची गॅरंटी आहे. बॅटरी बारा तास चालते, इथं छापलंय." त्यानं खोका पुढे केला.

"छापलंय, मान्य," वडील म्हणाले. "आम्ही जनावर घेतो तेव्हा मालक पण म्हणतो, दिवसभर चालतंय. आम्ही म्हणतो, असेल. एक दिवस जुंपून बघू."

दुकानात हशा पिकला. विक्रेता तर टेबलाला धरून हसला. बायकोची मान खाली गेली नाही, हे मी पाहिलं. ती म्हणाली, "मामंजींचं बरोबर आहे. आम्हाला एकदाच घ्यायचंय."

गल्ल्यामागे दुकानाचे मालक बसले होते, पिकल्या केसांचे. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. ते विक्रेत्याला म्हणाले, "हसू नकोस. माझ्या बापानं पण जुंपल्याशिवाय बैल घेतला नाही कधी." मग वडिलांना म्हणाले, "जुंपा. पण माझ्या पायरीवर, माझ्या डोळ्यांसमोर. कुठली कुठली जुंपायची बोला."

एक काळं, माझ्या आवडीचं. दुसरं त्याच रकमेत बसणारं नवं, पातळ, हलकं. तिसरं वडिलांनी काठीनं दाखवलं, खालच्या फळीवर, जुन्या मालात. करड्या रंगाचं, कोपरे घासलेले, बटणांवरची दोनचार अक्षरं पुसट झालेली.

"ते कुठल्याशा ऑफिसातून आलंय, आजोबा," विक्रेता म्हणाला. "वापरलेलं आहे. बॅटरी तेवढी नवी टाकली आम्ही."

"वापरलेलंच बघायचंय. घासलंय म्हणजे काम केलंय. काम करून बसलं नाही म्हणजे चांगलं."

---

सकाळचे साडेनऊ झाले होते. दुकानाच्या पायरीवर तीन लॅपटॉप ओळीनं. बायकोनं पिशवीतून गेल्या सालची वही काढली. वडिलांनी कामाची रीत लावून दिली: आपण चारीवर करतो तसंच करायचं. उघडायचं, एका दाराची नोंद करायची, मिटायचं. मग दोन दारांमधलं अंतर म्हणून कोपऱ्यापर्यंत चालून यायचं. मग पुन्हा उघडायचं.

"चालायचं कशाला?" मी वैतागून विचारलं. "बसून कर की."

"बसून केलेलं काम आणि चालून केलेलं काम एक नसतं," वडील म्हणाले.

तर ती अशी दिवसभर चालली. उन्हात, पदर डोक्यावर ओढून. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, काय चाललंय. पहिल्यांदा मी सांगायचो, नंतर समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो आणि ओळख दाखवली नाही. हेही कबूल करतो.

काळं बाराच्या आत आचके द्यायला लागलं आणि साडेबाराला गेलं. निळे दिवे विझले. वडील म्हणाले, "शिंगं रंगवलेला बैल." माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मला लागायचं ते लागलं.

पातळ नवं बॅटरीला वाईट नव्हतं. पण दर वेळी झाकण उघडलं की जागं व्हायला इतका वेळ घ्यायचं की बायको पदरानं वारा घेत बसायची. वडील मनात आकडे मोजायचे. एकदा चाळीस झाले, एकदा पंचावन्न. "तेवढ्यात फौजी आणि नर्सरीवाला दोन टाके घालून घेतील," ती म्हणाली. तीन वाजता तिनंच ते मिटून विक्रेत्याला दिलं.

करडं मशीन चाललं. उघडलं की जागं. उन्हात पडदा फिका दिसायचा, पण अक्षर वाचता यायचं. त्याला चकाकी नव्हतीच, तर तोंड कुठून दिसणार? एका हाताने झाकण उघडलं तरी बूड हलायचं नाही. चार वाजले, पाच वाजले. विक्रेत्यानं टाय काढून खिशात घातला आणि तो पायरीवर वडिलांच्या शेजारी येऊन बसला. बायको कोपऱ्यावरून आली की तो टक्के वाचून दाखवायचा. एकतीस. चोवीस. एकोणीस. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा अकरा टक्के होते.

मी टपरीवरून चार चहा घेऊन आलो. शरम वाटत होती, पण त्याहून जास्त काहीतरी वाटत होतं. धुळीनं पाय माखलेली ती बाई पायरीवर बसून चहा पीत होती, आणि तिचा सासरा मशीनच्या झाकणावरून हात फिरवत होता. ही माझी माणसं, असं कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं.

मशीन रकमेत बसलं. मालक म्हणाले, "आजोबा, उद्यापासून ही पायरी मी यासाठीच ठेवतो." विक्रेत्यानं पिशवी या वेळी बायकोच्या हातात दिली. म्हणाला, "ताई, काही अडलं तर मला फोन करा. मलाच."

---

पाणी सुटलं त्या दिवशी मी माझं दुकान बंद ठेवलं. मोटारवाला तो, चारीवर कशाला, असं कुणी विचारलं असतं तर सांगायला कारण नव्हतं. मला बघायचं होतं, एवढंच. वडीलही निघाले. गुडघ्याला फडकं बांधून, काठी घेऊन. बायको म्हणाली, "मामंजी, नऊ किलोमीटर आहे." ते म्हणाले, "मला सांगतेस?"

आमच्याकडे पाळी शेपटाकडून मुखाकडे जाते. अकरा नंबरचं दार सगळ्यात लांब, तिथून सुरुवात, एकेक दार करत वर यायचं आणि संध्याकाळी एक नंबर. सातला पहिली नोंद झाली. ती खाली उतरून चाक फिरवायची, पट्टीवरची उंची वाचायची, वर येऊन एका हाताने झाकण उघडायची. बांधावरचा माणूस बघायचा, मान हलवायचा. आणि तरीही जाता जाता वडिलांना विचारायचाच, "आबा, किती वाजून किती म्हणायचे?" वडील सांगायचे. ती झाकण मिटायची आणि चालू लागायची.

आठ नंबरला ऊन चढलं. दारात फांदी अडकली होती. बायको पिशवी झाडाखाली ठेवून कमरेएवढ्या पाण्यात उतरली, मी तिला हात द्यायला गेलो. फांदी निघायला वीस मिनिटं लागली.

वर आलो तर पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. पाणी ठिबकत होतं. शेजारी वडील बसलेले, समाधानानं.

"हात लावून बघितला, तापलं होतं गं," ते म्हणाले. "सावली पण सरकली. म्हटलं थंड राहील."

चारीवरचा माणूस दुसरं काय करणार? आमच्याकडे पाण्याची बाटली ओल्या गोणपाटात, बियाणं ओल्या गोणपाटात, दुपारचा डबासुद्धा ओल्या गोणपाटात. चाळीस वर्षांचा हात. तो आपोआप तिकडे गेला.

बायकोनं गोणपाट सोडलं, पिशवी उघडली. आत तिनं खताच्या पोत्याचं प्लास्टिक कापून अस्तर शिवलं होतं, मला पत्ताही नव्हता. मशीन कोरडं होतं. पण चार्जर बाहेरच्या कप्प्यात होता. तो तिनं उचलला तसं त्यातून पाणी गळालं.

"पंपघरावर दुपारी लावणार होते मी," ती हळूच म्हणाली.

"लावायचा नाही," मी म्हणालो. एवढं एक मला खरंच कळतं. "ओल्यानं किती मोटारी जळल्यात ते मी रोज बघतो. मशीनपण जाईल."

वडिलांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. गोणपाट हातात घेऊन ते पिळत बसले, पाणी गळून संपलं तरी पिळत होते. "चाळीस वर्षं पाणी राखलं," ते म्हणाले, "आणि आज माझ्याच हातानं नको तिथं घातलं."

बायको त्यांच्यासमोर उकिडवी बसली. केस ओले, हाताला शेवाळ. म्हणाली, "मामंजी, दिवे लागेपर्यंत चालतं की नाही हे मशीन?"

त्यांनी गोणपाट खाली ठेवलं.

"तुम्हीच जुंपून बघितलंय. मी चाललेय त्याच्याबरोबर दिवसभर. उठा आता, सात नंबरवाला वाट बघतोय."

मला तेव्हा तिचा एवढा अभिमान वाटला की मी उगाचच चार्जर झटकायला लागलो.

सात नंबरला अठ्ठ्याहत्तर टक्के. पंपघरापाशी, जिथे लावायचा बेत होता, तिथे पासष्ट. आम्ही न थांबता पुढे गेलो. डबा चालता चालता खाल्ला. चार नंबरला एकेचाळीस. वडील मागे पडत होते, पण बस म्हटलं तरी बसत नव्हते. दर दाराला ते एकच विचारायचे, "किती?" तीन नंबरला तीस. पायरीवरच्यापेक्षा जरा वेगानं उतरत होतं, कारण इथे प्रत्येकाला दोनदोनदा दाखवावं लागत होतं. ती आता बघून झालं की लगेच मिटायची.

दोन नंबरला फौजी हातावरचं घड्याळ पुढे धरून उभा होता. चार पन्नासला बायकोनं त्याचं दार टाकलं. नोंद दाखवली. त्यानं स्वतःचं घड्याळ बघितलं, पडदा बघितला, हं म्हणाला. आणि आमच्या मागे चालायला लागला.

एक नंबरवर अध्यक्ष होते, सचिव होते, दहाबारा माणसं होती. भाचा दगडावर बसलेला, मांडीवर त्याचं ते ताट. नर्सरीवाला कमरेवर हात ठेवून उभा. कपाळावरचा व्रण उन्हात लाल दिसत होता. बायको खाली उतरली, पट्टी वाचली, चाक फिरवलं. पाणी भसकन त्याच्या पाटात शिरलं.

"पाच वाजून पाच," नर्सरीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आलं का लक्षात? पुन्हा उशीर." मग बायकोच्या डोक्यावरून तो नेहमीसारखा वडिलांकडे वळला. "आबा, फौजीचं दार किती वाजता टाकलं? तुम्ही सांगा."

सगळे वडिलांकडे बघायला लागले. वडिलांना वेळ ठाऊक होती. त्यांना अकराही दारांची वेळ ठाऊक होती, मिनिटासकट. मी त्यांचं तोंड उघडताना पाहिलं.

ते म्हणाले, "मला काय विचारतोस? पाटकरी ही आहे. हिला विचार."

नर्सरीवाला गोंधळला. मग जन्मात पहिल्यांदा तो बायकोकडे वळून म्हणाला, "बरं... पाटकरीबाई, किती वाजता टाकलं?"

तिनं एका हाताने झाकण उघडलं आणि एक नंबरची नोंद केली. सहा टक्के. सूर्य थेट समोर होता, पण अक्षरं दिसत होती.

"चार पन्नासला टाकलं," ती म्हणाली. "इथं पाच पाचला उघडलं. मधली पंधरा मिनिटं माझी चालायची. ती कुणीच घेतली नाहीत. तेवढा वेळ पाणी चारीत तुंबतं. ही बघा पट्टी. तिकडं दार टाकताना आठ बोटं. इथं उघडताना बारा. तुमचा पाव तास या चार बोटांत आहे, काका. बघा, भरून येतंय ते."

नर्सरीवाला वाकला. फौजीही वाकला. दोघांनी पडदा बघितला, मग दोघांनी पाटातलं पाणी बघितलं. पाट काठोकाठ चालला होता. या वेळी डोक्यावर डोकं आपटलं नाही.

"म्हणजे गेल्या साली पण..." फौजी म्हणाला. त्याची नजर त्या चार टाक्यांवर गेली असावी.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि खाली बसून अकराच्या अकरा ओळी वाचल्या. भाच्यानं तोवर स्वतःचं झाकण उघडून बघितलं. मला त्यात त्याचं तोंड आणि मावळता सूर्य दोन्ही छान दिसले. त्यानं ते मिटलं.

"जुनं दिसतंय मशीन," अध्यक्ष उठत म्हणाले. "कुणी निवडलं?"

"मामंजींनी," बायको म्हणाली. "जुंपून घेतलंय."

"उद्या सहाला सुरू करा, पाटकरी," अध्यक्ष म्हणाले, आणि या वेळी ते वडिलांकडे बघत नव्हते.

मशीन तिनं मिटलं तेव्हा त्यात चार टक्के शिल्लक होते. परत निघालो. वडिलांनी काठी माझ्याकडे दिली आणि तिच्यापुढे हात केला. "दे ती पिशवी. दिवसभर तुझ्या खांद्यावर आहे."

"मामंजी, गुडघा..."

"दे म्हटलं ना. ओली नाही करत."

तिनं पिशवी त्यांच्या खांद्यावर अडकवली. ते लंगडत पुढे चालले, एक हात पिशवीवर घट्ट धरून, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते की सून पाटकरी झाली. तिसऱ्या माणसालाही पहिल्यासारखंच सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती त्यांच्याबरोबरीनं चालत होती. त्या दोघांच्या मागून मी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ते ओलं गोणपाट घेऊन.